पॉलिश सुकेपर्यंत: एका जुन्या टेबलाचा आणि कामाच्या ताणाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या बाई चाळिशी ओलांडलेल्या, एका मोठ्या कंपनीच्या तक्रार निवारण विभागात पथकप्रमुख. ओळखीतले सगळे त्यांना ताई म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. जुन्या फर्निचरचं काम मी बरीच वर्षं हौसेने करत आलो आहे, त्यामुळे हे सगळं मला जवळून पाहता आलं. मी डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला लागून असलेलं जे संशोधन नक्की माहीत आहे, तेवढ्यावरच बोलतो.

परिस्थिती

तक्रारींची रांग कधी संपत नाही, हे ताईंच्या कामाचं मुख्य दुखणं. दिवसभरात जेवढ्या तक्रारी मिटवाव्यात, तेवढ्याच संध्याकाळपर्यंत नव्याने येऊन पडलेल्या असत. शिवाय एखादी तक्रार मिटली तरी ती खरंच मिटली का, हे दुसऱ्या विभागाच्या हातात. आपण केलेल्या कामाचा शेवट आपल्याला दिसतच नाही, असं त्या वारंवार म्हणायच्या.

परिणाम शरीरावर उमटले होते. मध्यरात्रीनंतर जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. झोपेत जबडा आवळला जायचा, सकाळी कानशिलं ठणकायची. दंतवैद्यांनी दातांवरच्या खुणा दाखवून झोपेत दात एकमेकांवर घासले जात असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. रक्तदाब जरा वरच्या अंगाला होता, बाकी काही निघालं नाही. रात्री फोन लांब ठेवा आणि कामाशी संबंध नसलेलं काहीतरी रोज करा, असा सल्ला मिळाला.

ताईंनी आधी ध्यानाला बसून पाहिलं. डोळे मिटले की दिवसभरातली बोलणी कानांत पुन्हा सुरू व्हायची. ध्यानात खोट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, अनेकांना त्याचा उत्तम उपयोग होतो. पण ज्याचं डोकं आधीच शब्दांनी भरलेलं आहे, त्याला रिकामं बसणं सर्वांत अवघड जातं, हे मी आणखीही काही लोकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

अशात एका नातेवाइकांनी घर बदलताना एक लिहायचं टेबल टाकून द्यायला काढलं. ताईंनी ते घरी आणलं आणि मला फोन केला. एवढंच विचारलं, "याचं काही होईल का?"

टेबलाची तपासणी

टेबल दोन खणांचं. पाय आणि चौकट भरीव लाकडाची, वरच्या फळीवर मात्र व्हिनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. हे ओळखायला वरच्या रेषा फळीच्या कडेवरून खाली उतरतात का ते बघायचं. भरीव लाकडात त्या उतरतात, व्हिनिअरमध्ये कडेलाच थांबतात. जुनं व्हिनिअर साधारण मिलिमीटरभर जाड असतं, हल्लीचं बरेचदा त्याच्या निम्मं. म्हणजे घासायला हातात फार काही नाही.

फळीवर दोन-तीन पांढरट गोल डाग, एका कोपऱ्यात काळा डाग, डावा खण अडकलेला, मागचा एक पाय हलणारा. ताईंचा पहिला विचार सगळं घासून काढून गडद रंग मारण्याचा होता. मी त्यांना थांबवलं आणि आधी प्रत्येक दोषाचं कारण शोधायला सांगितलं.

पहिला प्रश्न, वर पॉलिश कोणतं आहे? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टेबलाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर धरला. काही सेकंदांत तिथलं पॉलिश चिकट झालं आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला. म्हणजे चपडी लाखेचं पॉलिश. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जो राळेसारखा स्राव सोडतात, त्यापासून ही चपडी करतात, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ करून मारायचं पॉलिश असतं तर स्पिरिटने फारसं हललं नसतं, थिनरने मऊ झालं असतं. पॉलियुरेथेन हे प्लास्टिकसारखं पॉलिश सहसा या दोन्हींत विरघळत नाही.

पांढरा डाग आणि काळा डाग दिसायला भावंडं, पण त्यांचा उगम अगदी वेगळा. पांढऱ्या डागात पॉलिशच्या थरात ओल अडकलेली असते. लाकडाला काही झालेलं नसतं. काळा डाग लाकडात असतो: पाणी, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग होऊन तो पडतो. कधीतरी ओल्या लोखंडी वस्तूचा बूड तिथे टेकलेला असणार. पांढरा डाग स्पिरिटच्या हलक्या हाताने जातो, काळा डाग वर कितीही घासलं तरी जात नाही, त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं.

या तपासणीत एक संध्याकाळ गेली. मी ताईंकडे बघत होतो. प्रश्न विचारला की टेबल उत्तर देत होतं, तिथल्या तिथे, त्यांच्याच हातात. निघताना त्यांनी एका वहीत प्रत्येक दोषापुढे कारण आणि उपाय लिहून घेतला. ही वही पुढे महत्त्वाची ठरली.

काम आणि थांबणं

सुरुवात हलणाऱ्या पायापासून केली. सांध्यात जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद होता, सुकून काचेसारखा ठिसूळ झालेला. सरसाचा मोठा गुण म्हणजे तो ऊब आणि पाण्याने पुन्हा मऊ होतो. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं, सांधा हलके हलवत सोडवला. मग जुन्या सरसाचा कण अन् कण खरवडून काढला, कारण आजचा पांढरा गोंद जुन्या सरसावर नीट धरत नाही. नवा गोंद लावून शिकंजा आवळला आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात आहे.

यानंतर ताईंनी विचारलं, "आता पुढे काय?" पुढे काहीच नाही. गोंदाला पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. उद्यापर्यंत टेबलाला हात लावायचा नाही.

या घडीला मी त्या वेळी विशेष महत्त्व दिलं नव्हतं. आता मागे वळून बघताना संपूर्ण प्रकरणाचं मर्म मला तिथेच दिसतं. जुन्या फर्निचरचं काम माणसाला मध्येच थांबायला लावतं. गोंद सुकायचा असतो. आम्ल धुऊन काढल्यावर लाकूड वाळायचं असतं. पाण्याने उभे राहिलेले तंतू दुसऱ्या दिवशी घासायचे असतात. पॉलिशचा एक हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. घाई केली तर काम बिघडतं, आणि ते लगेच दिसतं. ताईंना आयुष्यात अर्धवट काम टाकून झोपायला जाण्याचीच भीती होती. इथे काम अर्धवट ठेवणं हीच रीत होती.

अर्धवट ठेवूनही ते काम त्यांना रात्री छळत नव्हतं, कारण पुढची पायरी वहीत लिहिलेली होती: "उद्या शिकंजा सोडणे, कडेचा गोंद खरवडणे." ई. जे. मासिकांपो आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. अपुरं राहिलेलं उद्दिष्ट दुसऱ्या कामात लुडबुड करतं, पण ते कधी आणि कसं पुरं करायचं याची नेमकी योजना केली की, उद्दिष्ट अपुरंच असूनही ती लुडबुड ओसरते. मन शांत व्हायला काम संपावंच लागतं असं नाही, पुढचं पाऊल ठरलेलं असलं तरी पुरतं.

आता घासण्याविषयी. ताईंना मशीन विकत घ्यायचं होतं. मी हातानेच घासायचा आग्रह धरला. एक तर मशीनखाली व्हिनिअर केव्हा संपतं ते कळत नाही. दुसरं म्हणजे हाताला जे कळतं ते मशीनच्या आवाजात हरवतं. पायांना आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 220; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. मधला नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे राहून जातात आणि पॉलिश लावल्यावर एकदम उठून दिसतात. घासायचं नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात मारला की रेषा तुटतात.

एक युक्ती मी सगळ्यांना सांगतो: खोलीतला वरचा दिवा बंद करायचा आणि हातदिवा फळीच्या अगदी सपाटीला, तिरका धरायचा. वरून गुळगुळीत वाटणारी फळी अशा प्रकाशात आपले सगळे ओरखडे दाखवते. त्या ओरखड्यांचा माग काढत ताई तासभर वाकून बसायच्या. कागद नवा असताना खरखर मोठी आणि कोरडी येते. लाकूड गुळगुळीत होत जातं तसा आवाज बारीक होतो. अखेरीस नुसत्या आवाजावरून कागद बदलायची वेळ झाली की नाही हे त्यांना कळायला लागलं. "हात चालू असतात तेव्हा डोकं गप्प बसतं," असं त्या एकदा सहज बोलून गेल्या.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी 1970च्या दशकापासून ज्या तल्लीन अवस्थेचा अभ्यास केला, तिच्या खुणा इथे सापडतात: ध्येय स्पष्ट, केलेल्याचा परिणाम लगेच समोर, आणि काम आपल्या कुवतीपेक्षा किंचितच अवघड. ताईंच्या नोकरीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या.

एक अपघात झाला. फळीच्या पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी जरा जोर दिला आणि नखाएवढ्या जागेत व्हिनिअर संपून खालचं फिकट लाकूड उघडं पडलं. फोन आला तेव्हा आवाज कापत होता. कडांवर व्हिनिअर नेहमीच लवकर झिजतं, म्हणून तिथे हात उचलून घ्यायचा असतो. उपाय साधा होता: चपडीच्या पातळ पॉलिशमध्ये स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग मिसळून, बारीक ब्रशने थोडा थोडा लावत आजूबाजूच्या छटेशी मिळवून घ्यायचा. माहीत असलेल्याला तो कोपरा अजूनही ओळखू येतो. पण चूक झाली, तिचा आकार दिसला, ती दुरुस्त झाली आणि तिचा विषय तिथेच मिटला. ताईंना याचं फार अप्रूप वाटलं.

काळ्या डागावर ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावलं. हातमोजे, चष्मा, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून घेणं यांत तडजोड नाही. ते विषारी आहे आणि सुकलेल्या कणांची धूळ नाकात जाऊ देता कामा नये. डाग डोळ्यांदेखत राखाडी झाला, दुसऱ्या हाताला जवळजवळ गेला. अडकणाऱ्या खणाच्या सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासली, तो सुरळीत झाला.

शेवटी पॉलिश. ताजी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून घेतली. तयार द्रावण फार जुनं झालं की ते कडक सुकत नाही, म्हणून आधी काचेवर थेंब टाकून पाहावा. सुती फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा, त्याला तेलाचा एखादा थेंब, आणि लांब, न थांबणारे हात. बोळा फळीवर थांबला की तिथे चिकटतो आणि खालचा थर ओढून आणतो. नुकत्याच फिरवलेल्या जागी पुन्हा जायचं नाही, राहिलेलं पुढच्या हाताला भरून निघतं. कडेपर्यंत जाऊन परत फिरताना श्वाससुद्धा आपोआप लांब होतो. पॉलिशचे हात देत असताना फोन बघणं शक्यच नसतं. बोटं चपडीने चिकट झालेली असतात.

बिघाड

टेबल पाहून ओळखीतल्यांनी आपापल्या वस्तू पुढे केल्या. एका बाईंची तिपाई, दुसऱ्यांच्या दोन खुर्च्या, मोबदला देऊ केलेला. ताईंनी हो म्हटलं आणि तारखा दिल्या.

काही आठवड्यांतच जबड्याचं दुखणं परतलं. तिपाई न्यायला माणसं येणार त्याच्या आदल्या रात्री त्यांनी एका बैठकीत पॉलिशचे हातावर हात चढवले. हवेत दमटपणा होता. खालचा थर कच्चा असताना वरच्या हातातल्या स्पिरिटने तो पुन्हा मऊ केला, फळी ढगाळ झाली आणि सकाळीही बोट टेकलं की ठसा उमटत होता. सगळं स्पिरिटने उतरवून पहिल्यापासून करावं लागलं. कोणीतरी वाट बघतंय, वेळ सरतोय, आणि काम आपल्या मर्जीने पुढे जात नाही, हीच त्यांच्या नोकरीची दुखरी जागा आता घरातही आली होती.

1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रांबद्दल बक्षीस मिळेल असं ज्या मुलांना आधी सांगितलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळेत आपणहून चित्रांकडे कमी वळली. बक्षीस अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. मोठ्यांच्या छंदाला हा प्रयोग जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ताईंच्या बाबतीत मला तो आठवला. खुर्च्या त्यांनी परत केल्या. तिपाई मी आणि त्यांनी मिळून, मालकिणीची तारीख पुढे ढकलून घेऊन पुरी केली. त्यानंतर दुसऱ्यांचं काम घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो. पोटापाण्यासाठी पॉलिशचं काम करणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ज्याला विसाव्यासाठी हे हवं आहे, त्याने ऑर्डर घेऊ नये.

श्रेय किती द्यायचं

आज ताईंची झोप बरीच सुधारली आहे. हे टेबलामुळे झालं असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. दंतवैद्यांनी रात्री दातांवर घालायची पट्टी दिली आणि कार्यालयात त्यांची रात्रपाळी बंद झाली. झोपेतल्या सुधारणेत या दोन्हींचा वाटा मोठा असणार.

टेबलाच्या नावावर मी दोनच गोष्टी लिहीन. कामाच्या संध्याकाळी त्या फोनपासून लांब राहत आणि कार्यालयाचा विषय डोक्यातून जात असे, हे वहीतल्या नोंदींत दिसतं. दुसरी मला जास्त मोलाची वाटते. वहीची सवय त्यांनी कार्यालयात नेली. निघण्यापूर्वी प्रत्येक उघड्या तक्रारीपुढे एकच ओळ: उद्या पहिली कृती कोणती. रांग तेवढीच आहे, पण ती घरी येणं पुष्कळ कमी झालं.

सबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये कामानंतरच्या विसाव्याचे चार भाग सांगितले: कामापासून मनाने सुटणं, शिथिल होणं, काहीतरी नवं साधल्याचा अनुभव, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. नुसतं पडून राहण्यात दुसरा भाग मिळतो, पहिला मिळेलच असं नाही. फर्निचरच्या कामात चारही मिळू शकतात. ऑर्डरी आल्या आणि चौथा गेला, त्यामागून पहिलाही गेला.

ताणाच्या संप्रेरकाबद्दल 2016 मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आहे: 39 प्रौढांनी 45 मिनिटं माती, मार्कर, कोलाज अशा साधनांनी कलाकाम केल्यावर सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल उतरलं, आणि पूर्वानुभव असण्या-नसण्याने फार फरक पडला नाही. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि फर्निचरही नव्हतं, म्हणून त्यावर मोठे इमले बांधू नयेत. हाताच्या कामाने मनाला आराम पडतो ही जाण मात्र जुनी आहे. 1917 मध्ये अमेरिकेत व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) संघटना स्थापन झाली तेव्हा विणकाम, टोपल्या, लाकूडकाम हेच त्या उपचाराचं मुख्य साहित्य होतं.

सुरक्षितपणा आणि पहिली वस्तू

हा भाग कोणी गाळू नये. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच ठरवलं आहे. धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा, ओल्या फडक्याने पुसावं, कोरड्या झाडूने उडवू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंगवलेली जुनी वस्तू तपासल्याशिवाय कोरडी घासायची नाही, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मुळीच नाही. मिथिलीन क्लोराइड असलेल्या रंग उतरवायच्या द्रावणांनी बंद खोलीत माणसं दगावली आहेत, ती घरी आणूच नयेत. स्पिरिट वापरताना खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकली तर ती तेल सुकतानाच्या उष्णतेने आपोआप पेटू शकतात, म्हणून ती बाहेर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आणि झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. टेबल थांबू शकतं.

सुरुवातीला वस्तू लहान घ्यावी, एकट्याला उचलता येईल अशी. भरीव लाकडाची, रंग न दिलेली, वाळवी किंवा भुंग्यांची ताजी भुकटी न सांडणारी. आजोबांची एकुलती आठवण पहिल्या प्रयोगाला नको, तिथे हात मोकळा चालत नाही. स्टूल किंवा साधी तिपाई उत्तम. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावून पाहावा. पॉलिश विरघळलं तर नवशिक्याचं अर्धं काम सोपं झालं, कारण चपडीवर चपडीचा नवा हात एकजीव होतो आणि बरेचदा जुनं पॉलिश पूर्ण उतरवायचीही गरज पडत नाही.